सैनिक घरी आले, हेरॉइन तिथेच राहिलं : व्यसनाच्या जीवशास्त्राचा एक प्रकरण अभ्यास

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात मुलाला घेऊन येणारे आईवडील दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला म्हणजे, "ताई, हे रक्तातच असतं का हो? ह्याचे आजोबाही फार प्यायचे." आणि दुसरा, "ह्याला गावी पाठवलं तर सुटेल का?" पहिला प्रश्न विचारताना आवाज खाली येतो, कारण त्यात कुणाच्या तरी घराण्याकडे बोट असतं. दुसरा विचारताना डोळ्यांत जीव गोळा झालेला असतो. इतकी वर्षं हे प्रश्न ऐकून माझं मत असं झालं आहे की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. आणि दोन्हींचं एकत्र उत्तर जितकं स्वच्छ एका जुन्या प्रकरणात मिळतं, तितकं मला इतर कुठे सापडलेलं नाही. ते प्रकरण आपल्याकडचं नाही, व्हिएतनाम युद्धावरून १९७१ साली मायदेशी परतलेल्या अमेरिकन सैनिकांचं आहे.

हे प्रकरण पुष्कळदा एका सोयीच्या निष्कर्षासाठी सांगितलं जातं: "बघा, व्यसन हा मेंदूचा आजार वगैरे काही नसतो, परिस्थिती बदलली की आपोआप सुटतं." मला हे पटत नाही. नीट वाचलं तर हेच प्रकरण व्यसनाचं जीवशास्त्र सर्वांत चांगलं समजावतं.

कुपी आणि सिगारेट

मे १९७१ मध्ये अमेरिकी संसदेचे दोन सदस्य, रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी, दौऱ्यावरून परतले आणि त्यांनी अहवाल दिला: व्हिएतनाममधल्या आपल्या सैनिकांपैकी १० ते १५ टक्के हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. देश हादरला. हजारो प्रशिक्षित, बंदूक चालवायला शिकलेली, हेरॉइनची तलफ घेतलेली मुलं आता गावोगावी परतणार, ही भीती होती. १७ जून १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांचं व्यसन हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी एक खास कार्यालय उघडून डॉ. जेरोम जॅफी यांच्याकडे सोपवलं. जॅफी हे शिकागोत मेथाडोनवर (हेरॉइनऐवजी देखरेखीखाली देतात त्या अफूजन्य औषधावर) आधारलेले उपचार उभे केलेले मानसोपचारतज्ज्ञ होते.

तिथे मिळणारा माल कसा होता हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हलकं वाटेल. आग्नेय आशियातलं ते पांढरं हेरॉइन ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध असे. छोट्या प्लास्टिकच्या कुपीत मिळे, काही डॉलरना, रस्त्यावर, छावणीच्या फाटकाशी. इतक्या शुद्ध मालाला सुई लागत नव्हती. सिगारेट घ्यायची, दोन बोटांत हलकेच फिरवून टोकाची थोडी तंबाखू झाडायची, रिकाम्या जागेत कुपीतली पूड ओतायची, टोक पिळून बंद करायचं. लांबून बघणाऱ्या अधिकाऱ्याला फक्त एक पोरगा सिगारेट ओढताना दिसे. गांजावर सैन्याने आधीच कडक नजर ठेवली होती आणि गांजाचा वास लपत नाही. हेरॉइनला तसा वास नव्हता.

ही मुलं एकोणीस-वीस वर्षांची. का ओढता असं विचारल्यावर बहुतेकांनी दिलेलं उत्तर फार साधं होतं: छान वाटतं, आणि इथले दिवस सुसह्य होतात. लढाईच्या भयाने हेरॉइनकडे ढकललं असं आपल्याला वाटतं, पण आकडे तसं सांगत नाहीत. बरेच जण तिथे पोचल्यावर थोड्याच काळात, मोठी लढाई पाहण्याआधीच सुरू झाले होते.

जॅफींनी उपाय काढला तो असा: घरी जाणाऱ्या प्रत्येक सैनिकाची निघण्याआधी लघवीची तपासणी. लाँग बिन्ह आणि कॅम रान्ह बे इथल्या तळांवर ती जून १९७१ पासून सुरू झाली. ज्याच्या लघवीत अफूजन्य पदार्थ सापडेल त्याचं विमान चुकणार, त्याला थांबवून आधी शरीर साफ करायचं, मग घरी. तपासणी होणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असायचं. तरीही जे सापडायचे ते, विमान डोळ्यांसमोर असतानाही थांबू न शकलेले. यादीतली ही नावं पुढे फार मोलाची ठरली.

शंभर जणांची तुकडी

हे सैनिक परत आल्यावर त्यांचं काय होतं हे शोधण्याचं काम सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांच्याकडे आलं. सप्टेंबर १९७१ मध्ये व्हिएतनाम सोडलेल्या १३,७६० सैनिकांतून त्यांनी दोन नमुने काढले, एक सरसकट सगळ्यांमधून आणि दुसरा फक्त लघवी-तपासणीत सापडलेल्यांमधून. मिळून नऊशेच्या वर माणसं. देशभर विखुरलेल्या या लोकांना आठ ते बारा महिन्यांनी गाठून ९५ टक्क्यांहून अधिक जणांच्या मुलाखती झाल्या, आणि मुलाखतीनंतर लघवीचा नमुनाही मागण्यात आला. परतल्याला तीन वर्षं झाल्यावर पुन्हा एक फेरी झाली. पाठपुरावा म्हणजे काय हे ज्यांनी स्वतः केलंय त्यांना त्या ९५ टक्क्यांची किंमत कळेल. आमच्याकडे सहा महिन्यांनी फोन लावला तर निम्मे नंबर बंद असतात.

आकडे टक्क्यांत आहेत, म्हणून मी मनात नेहमी शंभर जणांची एक तुकडी उभी करते. या शंभरातल्या ८५ जणांपुढे कुणी ना कुणी हेरॉइन धरलं होतं. अफू किंवा हेरॉइन यांपैकी काहीतरी ४५ जणांनी घेऊन पाहिलं, नुसतं हेरॉइन घेणारे ३४. त्यांतले २० जण पुरते अडकले, म्हणजे घेतलं नाही तर शरीर बंड करायचं. आता ही वीस माणसं घरी आली. पहिल्या वर्षात वीसपैकी पुन्हा अडकला तो एक. तीन वर्षांचा हिशेब केला तर दोन-तीन, म्हणजे १२ टक्के, आणि तेही बरेचसे थोड्या काळापुरतेच.

या आकड्यांवर कुणाचा विश्वास बसेना. कारण तेव्हा समोर दुसरा आकडा होता. केंटकी राज्यात लेक्सिंग्टन इथे १९३५ पासून हेरॉइनग्रस्तांसाठी एक मोठं सरकारी रुग्णालय होतं. तिथून १९५०च्या दशकात न्यूयॉर्कला परतलेल्या १,९१२ रुग्णांचा पाठपुरावा झाला होता, आणि त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक लोक सहा महिन्यांच्या आत पुन्हा हेरॉइनवर गेले होते.

एकीकडे शंभरातले नव्वद घसरतात, दुसरीकडे शंभरातले बारा. पदार्थ एकच, माणसाचा मेंदू एकच. सैनिकांबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवते, जी नेहमीच्या कथनात गाळली जाते. अडकलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी अमेरिकेत आल्यावर एकदा तरी हेरॉइन पुन्हा घेतलं होतं. म्हणजे त्यांना ते मिळालंच नाही असं नाही, किंवा ते सगळे निग्रहाचे पुतळे होते असंही नाही. त्यांनी घेतलं, आणि तरीही बहुतेक जण परत अडकले नाहीत.

मेंदूत दोन गोष्टी घडतात

याचं उत्तर मेंदूत आहे. १९७३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूजन्य पदार्थांना धरून ठेवणारी ग्राहकं असल्याचं दाखवलं. आपल्या मेंदूत मॉर्फिनसाठी कुलपं आधीपासूनच आहेत, म्हणजे शरीर स्वतः त्यांची किल्ली बनवत असणार. दोन वर्षांनी अॅबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना ती सापडली, एन्केफॅलिन. वेदना, धास्ती, आईच्या कुशीतली ऊब या सगळ्यांचा कारभार या कुलूप-किल्ल्यांवर चालतो.

हेरॉइन मेंदूत झपाट्याने शिरतं, तिथे त्याचं मॉर्फिन होतं आणि ते 'म्यू' नावाच्या कुलपात बसतं. मध्यमेंदूत डोपामिन सोडणाऱ्या पेशींवर एरवी दुसऱ्या पेशींचा ब्रेक असतो. मॉर्फिन तो ब्रेकच सैल करतं आणि डोपामिन वाढतं. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं वर्तमानपत्रांत छापून येतं, ते अर्धवट आहे. डोपामिनचं खरं काम शिकवण्याचं. 'हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, आणि हे मिळालं तेव्हा आजूबाजूला काय होतं तेही लक्षात ठेव.' पाण्याचा झरा कुठे सापडला हे विसरू नये म्हणून निसर्गाने दिलेली ही सोय. हेरॉइन ती सोय हडप करतं.

दुसरी गोष्ट वेगळ्या ठिकाणी घडते. मेंदूच्या बुंध्यात निळसर ठिपक्यासारखा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराला जागं आणि सावध ठेवणारं नॉरअॅड्रेनलिन तिथून सुटतं. मॉर्फिन त्याला दाबून ठेवतं. महिनोन्‌महिने दाबलेल्या पेशी आतून जोर वाढवत जातात आणि एक दिवस दाब निघाला की उसळतात. नाक-डोळे वाहणं, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पोटऱ्यांत गोळे, जुलाब, रात्रभर तळमळ. आमच्याकडे मुलं याला 'टर्की' म्हणतात. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन) आला, पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून हा शब्द इथल्या प्रत्येक केंद्रात रुळलेला आहे. टर्कीचा जोर दोन-तीन दिवस असतो, आठवड्याभरात उतरतो. व्हिएतनामच्या तळांवर थांबवलेल्या सैनिकांची हीच टर्की निघाली. तो भाग शरीराने तिथेच फेडून टाकला.

आईवडील मात्र टर्की उतरली की सुटलो असं समजतात. खरं दुखणं पहिल्या गोष्टीत असतं, शिकलेल्या मेंदूत. लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात एब्राहम विकलर नावाचे डॉक्टर होते. कित्येक महिने हेरॉइनपासून लांब असलेले, शरीर पूर्ण साफ झालेले रुग्ण गटात बसून मालाविषयी बोलू लागले की त्यांची नाकं वाहू लागतात, जांभया येतात, हे त्यांनी पाहिलं. टर्कीची लक्षणं, टर्कीचं कारण नसताना. पुढे फिलाडेल्फियात चार्ल्स ओब्रायन यांनी मेथाडोन घेणाऱ्या स्वयंसेवकांवर हे प्रयोगातच दाखवलं. पेपरमिंटचा वास आणि एक विशिष्ट सूर यांच्या सोबत टर्की आणणारं औषध काही वेळा टोचलं. नंतर नुसतं सलाइन टोचलं तरी त्या वासाने आणि सुराने डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गटसभेत कुणाचं तरी डोकं दुखत होतं, शेजारच्याने गोळ्यांची पट्टी काढली आणि चांदीचा कागद करकरत फाडला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला तीन आठवडे साफ असलेला एक मुलगा बसला होता. तो पन्नीवर गर्द ओढायचा. त्याने मान वळवली, एक जांभई दिली, मग दुसरी, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. त्याला स्वतःलाच कळेना काय होतंय. "ताई, मला काही नकोय, खरंच नकोय," असं तो म्हणत होता, आणि मला ते शब्दशः खरं वाटलं. नको होतं त्याला. त्याच्या मेंदूने मात्र आवाज ओळखला होता.

उलटा नकाशा

आता लेक्सिंग्टन आणि व्हिएतनाम शेजारी ठेवून पाहा. लेक्सिंग्टनचा रुग्ण न्यूयॉर्कच्या गल्लीत अडकला, उपचारासाठी दूर केंटकीच्या कुरणात गेला, बरा झाला आणि परत त्याच गल्लीत आला. सैनिक दूर व्हिएतनाममध्ये अडकला, तिथेच त्याची टर्की निघाली, आणि मग तो अशा जागी परतला जिथे त्याच्या मेंदूने हेरॉइनसोबत काहीही शिकलेलं नव्हतं. आईचं स्वयंपाकघर, शाळेचं मैदान, शेजाऱ्याचं ट्रक-दुरुस्तीचं दुकान यांतलं काहीच त्याला माल आठवून देत नव्हतं. ज्या खुणा देत होत्या, दमट उष्मा, हेलिकॉप्टरचा आवाज, तंबूतले तेच चार मित्र, त्या समुद्रापार राहिल्या. त्याशिवाय पुरवठा बदलला. अमेरिकेतला माल महाग आणि भेसळीचा, सुई घेतल्याशिवाय उपयोग नाही, आणि सुई म्हणजे 'तसले लोक'. तिथे जे सैनिकाच्या सिगारेटमध्ये होतं ते इथे गुन्हेगाराच्या हातात होतं.

म्हणून मी म्हणते की हे प्रकरण जीवशास्त्राच्या विरुद्ध नाही. मेंदू जागेसकट शिकतो, एवढं मान्य केलं की दोन्ही आकडे एकाच नियमातून निघतात.

याच नियमाची एक काळी बाजू आहे आणि ती घरोघरी माहीत असायला हवी. १९८२ मध्ये शेपर्ड सीगल यांनी उंदरांना नेहमीच्या खोलीत हेरॉइनची सवय लावली आणि मग मोठा डोस दिला. ओळखीच्या खोलीत ३२ टक्के मेले, अनोळखी खोलीत ६४ टक्के. डोस तोच. ओळखीच्या जागी शरीर आधीच सज्ज होऊन बसतं, नव्या जागी बेसावध असतं. त्यात आठ-दहा आठवड्यांच्या खंडाने सहनशक्ती खाली आलेली असते. केंद्रातून सुटलेला मुलगा पूर्वीच्याच हिशोबाने पुडी घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. असे निरोप मी घेतलेले आहेत. त्यामुळे मुलगा घरी जाताना टर्कीविषयी कमी आणि याविषयी जास्त बोला, असं मी सहकाऱ्यांना कळवळून सांगते.

मग रक्ताचं काय?

शंभरातल्या ८५ जणांपुढे हेरॉइन आलं आणि अडकले २०. तोच तळ, तीच कुपी, तीच कंटाळवाणी रात्र. मग बाकीचे का सुटले? इथे आजोबांचा प्रश्न येतो.

एक गोष्ट आधी. १९९६ मध्ये 'म्यू' कुलपाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना मॉर्फिन दिलं तर वेदना कमी होत नव्हती, त्याची ओढ लागत नव्हती, बंद केल्यावर टर्कीही होत नव्हती. एका जनुकावर सगळा डोलारा उभा असल्याचा याहून ठळक पुरावा नाही. पण ते कुलूप आपल्या प्रत्येकात आहे, वीस जणांत आणि ऐंशी जणांतही. त्याने माणूस अडकू शकतो एवढंच कळतं. कोण अडकेल हे कळायला माणसामाणसांतला फरक मोजावा लागतो, आणि त्यासाठी जुळी भावंडं लागतात.

आणि इथे हे प्रकरण आपल्याच पायावर पुढे जातं. व्हिएतनाम काळात, १९६५ ते १९७५ दरम्यान, सैन्यात असलेल्या जुळ्या भावांची एक नोंदवही अमेरिकेत तयार झाली, सुमारे ७,००० जोड्यांची. एकाच बीजाच्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, दोन बीजांच्या जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात. पहिल्या प्रकारात एक भाऊ अडकला तर दुसरा किती वेळा अडकतो आणि दुसऱ्या प्रकारात किती वेळा, यातल्या तफावतीवरून जनुकांचा वाटा काढता येतो. मिंग त्सुआंग आणि सहकाऱ्यांनी ३,३७२ जोड्यांवर काम करून १९९८ मध्ये मांडलं की हेरॉइनच्या बाबतीत माणसामाणसांतल्या फरकाचा ५४ टक्के वाटा जनुकांचा आहे. कुठल्याही नशेकडे झुकवणारा सामायिक भाग त्यात होताच, पण ३८ टक्के फक्त हेरॉइनपुरता होता. गांजा, उत्तेजकं, झोपेच्या गोळ्या यांपैकी कशाचाही स्वतःपुरता वाटा इतका मोठा नव्हता.

५४ टक्के म्हणजे "तुमच्या मुलाचं व्यसन निम्मं आजोबांमुळे" असं मुळीच नव्हे. ही चूक शिकलेले लोकही करतात. ज्वारीचं उदाहरण घ्या. सगळ्या शेताला सारखं पाणी मिळालं तर कणसांतला फरक बियाण्यामुळे दिसतो. बियाणं एकाच पोत्यातलं असेल आणि पाणी कमीजास्त, तर तोच फरक पाण्याचा होतो. टक्केवारी त्या शेतापुरती, त्या हंगामापुरती. एका कणसाकडे बोट दाखवून ती सांगता येत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते: पहिला झुरका कुणी मारायचा हे बरंचसं घर, मित्र आणि वस्ती ठरवतात, पण पुढे अडकत जाण्यात जनुकांचा हात वाढतो. ८५ पासून २० पर्यंतच्या उताराचं हेच एक मोठं कारण असावं असं मला वाटतं.

बियाणं आणि पाणी यांचा संबंध दारूच्या एका उदाहरणात फार सुंदर दिसतो. जपानमध्ये पुष्कळ लोकांत असं एक जनुक-रूप असतं की दारू घेतल्यावर शरीरात अॅसिटाल्डिहाइड हे त्रासदायक द्रव्य साठतं, तोंड लाल होतं, मळमळतं. असे लोक मद्यपाशात फार कमी सापडायचे. जपानी मद्यरुग्णांमध्ये हे रूप एका पालकाकडून आलेल्यांचं प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होतं. १९८६ मध्ये ते ८ टक्के झालं आणि १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. कामानंतर साहेबांसोबत प्यायला बसण्याचा रिवाज बदलला, आणि पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारं कुंपण त्याने वाकवलं.

आणि नेमकं जनुक कोणतं? २०२० मध्ये अमेरिकेच्याच निवृत्त सैनिकांच्या जनुक-संग्रहातून, दहा हजारांहून अधिक अफूजन्य पदार्थांच्या रुग्णांची तुलना करून, त्याच 'म्यू' कुलपाच्या जनुकातला एका अक्षराचा बदल व्यसनाशी जोडलेला आढळला. पन्नास वर्षांनी धागा पुन्हा त्याच कुलपाशी आला, याचं मला अजून नवल वाटतं. परंतु त्या बदलाचा परिणाम अगदी लहान आहे. असे शेकडो छोटे बदल मिळून कल तयार होतो. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये व्यसनाचा कल सांगू पाहणाऱ्या, जनुकांतल्या १५ खुणांवर आधारलेल्या एका चाचणीला परवानगी मिळाली, तेव्हा या विषयातल्याच अनेक शास्त्रज्ञांनी तिला विरोध केला. उद्या आपल्याकडे कुणी अशी चाचणी विकायला आलं तर पैसे वाचवा. आजोबा, काका, वडील यांच्याबद्दल घरात मोकळेपणाने बोललात तर त्याहून जास्त कळेल.

दारात कोण येतं

रॉबिन्स यांच्या कामातली जी गोष्ट मला स्वतःला सर्वांत जास्त लागली, ती अशी. परतल्यावर फार थोडे सैनिक उपचारांसाठी गेले, आणि जे गेले त्यांच्यात पुन्हा घसरण्याचं प्रमाण नागरी रुग्णांसारखंच मोठं होतं. याचा अर्थ उपचार वाईट असा नव्हे. जे आपसूक सुटतात ते दवाखान्यात येतच नाहीत, येतात ते ज्यांचं सुटत नाही ते. सैन्यात जाण्याआधीपासून नशेचा इतिहास असलेले, ज्यांच्याकडे परतायला धड घर नाही असे, कदाचित कल जास्त घेऊन जन्मलेले. म्हणजे आम्ही केंद्रातले लोक आयुष्यभर त्या वीसांतल्या दोन-तिघांनाच पाहतो, आणि त्यावरून व्यसनाबद्दल मत बनवतो.

याचा उलटा अर्थ जास्त महत्त्वाचा. "त्या अमक्याचा मुलगा गावी गेला आणि आपोआप सुटला, मग तुझ्याच्याने का होत नाही?" असं आमच्या मुलांना रोज ऐकवलं जातं. तो अमक्याचा मुलगा बहुधा सतरा-अठरांतला होता. हा नाही. याची गरज वेगळी आहे आणि ती भागवायची साधनं आपल्याकडे आहेत. ब्युप्रेनॉर्फिन हे गोळीचं औषध त्याच 'म्यू' कुलपात बसतं पण ते अर्धवटच उघडतं, टर्की येऊ देत नाही, धुंदीही चढू देत नाही. सरकारी केंद्रांत ते मिळतं. "एक नशा सोडून दुसरी" असं म्हणून घरचे ते बंद करायला लावतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्याच्या मेंदूचं कुलूप वर्षभर उघडं राहिलंय त्याच्या दारावर काहीतरी असू द्या.

आता गावी पाठवण्याचं. गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, नवरा नाही, मुलगा बावीसचा. वस्तीजवळच्या पुलाखाली बसायचा. आजोबा दारूने गेलेले, एक काकाही. त्यांनी दोन्ही प्रश्न एका दमात विचारले. मी त्यांना सैनिकांची गोष्ट सांगितली आणि एक फरक सांगितला: सैनिकांना पुन्हा व्हिएतनामला जायचं नव्हतं. तुमच्या मुलाचं व्हिएतनाम पुलाखाली आहे. महिनाभर गावी ठेवून परत आणलंत तर ते लेक्सिंग्टन होईल. पाठवायचं तर काम देऊन, ओळखी होऊ देऊन, मुक्काम लांबवून पाठवा, गोळी सुरू ठेवून पाठवा.

त्यांनी त्याला सातारा जिल्ह्यात मामाकडे पाठवलं. तिथे तो दूध संकलनावर सकाळ-संध्याकाळ कॅन मोजतो. दर पंधरा दिवसांनी शहरातल्या केंद्रातून औषध आणतो. एकदा घसरला, दोन दिवस. मामाने मला फोन केला आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली. गणपतीला तो घरी आला होता. स्टँडवरून आईने रिक्षा पुलाकडून न घेता लांबून, मंडईच्या बाजूने आणायला लावली. चाळीस रुपये जास्त पडले, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं.